कायदा वॉर्डात शिरतो तेव्हा: गर्भपात, लोकमत आणि डॉक्टरवरचा भरवसा

शेवंती (धागालेखिका)

गर्भपाताचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन टोकांना जाऊन बसते. इकडे बाईचा हक्क, तिकडे गर्भाचा जीव. त्या वादाला माझी ना नाही, पण या धाग्यात मला दुसरंच विचारायचंय. कायदा आवळला किंवा सैल केला की दवाखान्यात नेमकं काय बदलतं? पेशंट डॉक्टरला खरं सांगते का? डॉक्टर तिला खरं सांगतो का? आणि हे सगळं बघणाऱ्या बाकीच्या लोकांचं मत कुठे सरकतं?

आयर्लंडपासून सुरू करते. १९८३ मध्ये तिथे सार्वमत झालं आणि राज्यघटनेत आठवी दुरुस्ती आली: आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क सारखाच. बाजूने ६६.९ टक्के. मे २०१८ मध्ये तीच दुरुस्ती काढून टाकण्यासाठी सार्वमत झालं. बाजूने ६६.४ टक्के. देश उलटा फिरला, तेही जवळजवळ तेवढ्याच बहुमताने. चाळीस मतदारसंघांपैकी एकट्या डोनेगलने 'नाही' म्हटलं.

मधल्या काळात काय झालं? १९९२ ची 'एक्स' केस घ्या. बलात्कारातून दिवस गेलेली १४ वर्षांची मुलगी. आईवडील तिला इंग्लंडला घेऊन गेले. त्यांनी पोलिसांना एवढंच विचारलं होतं, की गर्भाचा डीएनए आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का. झालं, ती चौकशी वरपर्यंत गेली आणि सरकारने गर्भपाताविरुद्ध कोर्टातून मनाई हुकूम आणला. सुप्रीम कोर्टाने तो पुढे उठवला, पण लोकांना जो धडा मिळायचा तो मिळाला होता: सरळपणे विचारायला गेलात तर अडकाल.

ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेल्या. ३१ वर्षांच्या, मूळच्या कर्नाटकातल्या दंतवैद्य. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेलं. त्यांनी स्वतः गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही, असं सांगण्यात आलं. आठवड्याभरात जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला.

दुसरं उदाहरण एल साल्वादोरचं. १९९८ पासून तिथे संपूर्ण बंदी, अपवाद एकही नाही. २००८ मध्ये 'मान्युएला' (कोर्टाच्या कागदांत एवढंच नाव आहे) रक्तस्राव होत असताना रुग्णालयात पोचली. डॉक्टरने तिच्यावर उपचार केले आणि पोलिसांनाही कळवलं. तिला रुग्णालयाच्या खाटेला बेड्या घातल्या. शिक्षा तीस वर्षं. २०१० मध्ये कैदेतच कॅन्सरने गेली. २०२१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने एल साल्वादोरला दोषी धरलं आणि डॉक्टर-पेशंटमधल्या गोपनीयतेचे नियम नीट करायला सांगितलं.

माझं म्हणणं असं, की फौजदारी कलमाची भीती डॉक्टरच्या डोक्यात शिरली की तो पेशंटच्या आधी स्वतःचा विचार करायला लागतो. ते पेशंटला लगेच कळतं. मग तीही तोलून मापून बोलते. आणि लोकमत तत्त्वचर्चेने हलत नाही, ते असल्या केसेसनी हलतं. पटतंय का?

---

गोमाजी

बसलो आहे कोपऱ्यात. एक शंका. कायद्यामुळे लोकमत बदलतं की लोकमत बदललं म्हणून कायदा बदलतो? आयर्लंडमध्ये त्याच काळात चर्चचा दबदबाही उतरणीला लागला होता. सगळं श्रेय एका केसला देऊ नका.

---

कुंपण

आधीच सांगतो, मी गर्भपाताच्या विरोधातला आहे, त्यामुळे दगड मारायचे असतील त्यांनी रांग लावावी.

सविता यांच्या केसमध्ये कायद्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. चौकशी अहवाल वाचले तर सरळसरळ वैद्यकीय हलगर्जी दिसते. दाखल झाल्या दिवशी रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, तो रिपोर्ट वेळेत कोणी बघितलाच नाही. गर्भजलाची पिशवी फुटल्यावर ताप-नाडी-रक्तदाब ठरावीक अंतराने बघायचे, तेही झालं नाही. आरोग्यसेवेच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने १३ हुकलेल्या संधी मोजल्या. यात आठव्या दुरुस्तीचा काय संबंध?

आणि भरवशाचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी तुटतो. ज्या आईला मूल हवंय, तिला चाचणीत डाऊन सिंड्रोम निघाल्यावर पुढचं वाक्य 'कधी करायचं?' असं ऐकायला मिळतं. तिचा डॉक्टरवर विश्वास उरेल? तिच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

---

डॉ_वैखरी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. कुंपण, हलगर्जीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण २०१३ च्या ज्या अहवालात ही हलगर्जी नोंदवली, त्याच अहवालात कायद्याचा डॉक्टरांच्या निर्णयावर परिणाम झाला हेही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वॉर्डात, एकाच वेळी घडत होत्या. त्या कशा जुळतात ते सांगते, कारण बाहेरून ते दिसत नाही.

सविता बाजूला ठेवा, नुसतं एक उदाहरण घ्या: अठराव्या आठवड्यात पिशवी फुटली. बाळ जगण्याच्या वयाचं नाही, पाणी गेलंय, गर्भाशयाचं तोंड उघडं आहे. ठोके मात्र चालू आहेत. या स्थितीत जंतू वर चढायला मोकळी वाट असते. सकाळी बाई बोलतेय, चहा मागतेय, नाडी ९०. दुपारी नाडी ११०, अंगात कणकण. संध्याकाळी थंडी वाजून ताप. रात्री रक्तदाब घसरायला लागतो, आणि एकदा तो घसरला की मग आम्ही तिच्या मागे धावत असतो. हा सगळा प्रवास कधीकधी काही तासांत होतो.

आता कायदा म्हणतो: आईच्या जिवाला खरा धोका असेल तरच. मला सांगा, यातल्या कोणत्या आकड्याला 'खरा धोका' सुरू झाला? नाडी ९० असताना मी केलं तर सरकारी वकील म्हणेल, बाई तर बरी होती. ११० ला केलं तर म्हणेल, अँटिबायोटिक देऊन बघायचं होतं. रक्तदाब घसरल्यावर केलं तर कोणी काही म्हणणार नाही, फक्त बाई हातची गेलेली असू शकते. वैद्यकशास्त्र सांगतं आधी करा, कायदा सांगतो नंतर करा. आणि या मधल्या वेळात माणसं तपासण्या टाळायला लागतात, हे कबूल करायला जड जातं पण खरं आहे. ताप मोजला तर निर्णय घ्यावा लागेल ना! 'हलगर्जी' म्हणून जे कागदावर येतं, त्यातली काही अशी जन्माला येते.

पोलंडमध्ये हेच झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये घटना न्यायाधिकरणाने गर्भातल्या गंभीर व्यंगाचं कारण बाद केलं. आईच्या जिवाला-तब्येतीला धोका हे कारण कायद्यात शाबूत होतं, ते कोणी काढलं नव्हतं. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये प्शचिना इथे बाविसाव्या आठवड्यात पाणी गेलेली इझाबेला नावाची तरुणी जंतुसंसर्गाने गेली. तिने रुग्णालयातून आईला मेसेज केले होते, की कायद्यामुळे नुसतं पडून राहायचंय, डॉक्टर वाट बघतायत. ते मेसेज बाहेर आल्यावर देशभर लोक रस्त्यावर उतरले.

डाऊन सिंड्रोमबद्दल तुमचा मुद्दा मान्य. समुपदेशन म्हणजे निकाल सांगणं नव्हे, हे आमच्यातल्या अनेकांना शिकवायची गरज आहे.

---

शेवंती

वैखरी, 'ताप मोजला तर निर्णय घ्यावा लागेल' हे वाचून सुन्न झाले. अहवालांत हे कधीच सापडलं नसतं.

गोमाजी, चर्चचा मुद्दा बरोबर. पण मग प्रचारात लोक सविताचा फोटो घेऊन का फिरत होते? पार्श्वभूमी तयार होती, मान्य. तिला चेहरा मिळाला तो या केसमुळे.

---

तळटीप

इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण अजून कोणी काढलं नाही, म्हणून लिहितो. रोमानिया. लांबेल, सांभाळून घ्या.

१९५७ पासून तिथे गर्भपात कायदेशीर होता. १९६६ मध्ये तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याने फर्मान क्रमांक ७७० काढलं. लोकसंख्या वाढवायची होती. ४५ च्या वरच्या किंवा चार मुलं झालेल्या बायका आणि मोजके अपवाद सोडले तर बंदी. १९६७ मध्ये जन्म जवळजवळ दुप्पट झाले! सरकार खूश. पण पुढच्या काही वर्षांत जन्मदर पुन्हा उतरत गेला, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. संततिनियमनाची साधनं दुकानात मिळत नव्हती. मग ऐंशीच्या दशकात सरकारने आणखी फास आवळला आणि कारखान्यांत बायकांच्या सक्तीच्या स्त्रीरोग तपासण्या सुरू केल्या. कोणाला दिवस गेलेत ते टिपून ठेवायचं, आणि पुढे पोट दिसलं नाही तर जाब विचारायचा.

डॉक्टर म्हणजे सरकारचा माणूस, असं लोकांनी धरूनच टाकलं. रक्तस्राव होत असलेली बाई रुग्णालयात आली की आधी पोलिसांचे प्रश्न: कोणी केलं, नाव सांग. त्या भीतीने बायका घरीच थांबायच्या आणि फार उशिरा यायच्या. असुरक्षित गर्भपातांनी त्या २३ वर्षांत अंदाजे नऊ-दहा हजार बायका मेल्या असं मानतात. १९८९ मध्ये तिथला मातामृत्युदर युरोपात सर्वाधिक होता. २५ डिसेंबरला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने ही बंदी उठवली. इतक्या घाईने, बरं का! पुढच्या एका वर्षात मातामृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता धाग्याचा प्रश्न. कायदा गेला म्हणून भरवसा परत आला का? १९९० मध्ये रोमानियात जवळजवळ दहा लाख गर्भपात नोंदले गेले, त्या वर्षीच्या जन्मांच्या कितीतरी पट. एवढी वर्षं गोळ्या-साधनांबद्दल धड माहितीच मिळाली नव्हती. ज्या डॉक्टरने काल पोलिसांना नावं दिली, त्याच्यासमोर बसून आज गर्भनिरोधनाचा सल्ला कोण घेणार? विश्वास फर्मानाने रद्द करता येतो, फर्मानाने परत आणता येत नाही.

---

भोचक

तळटीप, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. बाकी माहितीबद्दल +१.

---

नर्मदा

मी अमेरिकेत राहते, बंदी असलेल्या एका राज्यात. माझं वय ५३, मूल होण्याचा प्रश्नच नाही. तरी या कायद्याने मला गाठलं.

मला संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेते, अनेक वर्षं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा डॉब्स निकाल लागला, गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा जुना 'रो' निकाल गेला, आणि पुढच्या महिन्यात औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने माझं प्रिस्क्रिप्शन हातात धरून विचारलं, "हे कशासाठी घेता?" इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ थांबवायलाही मेथोट्रेक्सेट वापरतात, म्हणून. मी बोटांचे सांधे दाखवले. अक्षरशः हात काउंटरवर ठेवून दाखवले. तो म्हणाला डॉक्टरांकडून निदान लिहून आणा. माझ्या मागे पाच-सहा माणसं उभी होती.

गोळ्या दोन दिवसांनी मिळाल्या, माझं काही बिघडलं नाही. पण तेव्हापासून त्या दुकानात जाताना मी मनात उत्तर जुळवून जाते. मला एकटीलाच हा अनुभव नव्हता. त्याच जुलैमध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याला देशभरातल्या औषध दुकानांसाठी सूचना काढावी लागली, की अशी औषधं अडवून भेदभाव करू नका.

माझा एक शेजारी कट्टर गर्भपातविरोधी. हे ऐकल्यावर म्हणाला, "पण तुमच्यासाठी नव्हताच तो कायदा." त्याचं मत बदललं असं म्हणणार नाही. पण नंतर त्याने तो विषय माझ्याकडे परत काढला नाही.

---

डॉ_वैखरी

नर्मदाताई, तुमच्यासारखंच आमच्या बाजूचं उदाहरण म्हणजे मिझोप्रोस्टॉल. गर्भपाताची गोळी म्हणून ती बदनाम, पण बाळंतपणानंतर भळाभळा रक्त जायला लागलं की आम्ही हीच वापरतो. त्या क्षणी हाताशी लागते. लुइझियानाने १ ऑक्टोबर २०२४ पासून ती नियंत्रित औषधांच्या यादीत टाकली. म्हणजे कुलूपबंद कपाट, वेगळी नोंद, वेगळी परवानगी. रुग्णालयांना मग रक्तस्राव सुरू झाल्यावर गोळी कपाटापासून पेशंटपर्यंत किती वेळात पोचते, याच्या रंगीत तालमी घ्याव्या लागल्या. ज्या बाईला मूल हवं होतं आणि जिला ते झालंय, तिच्यासाठीची ही कसरत.

---

अंकलिपी

लोकमताबद्दल आकडे बघू, नाहीतर आपण आपापल्या शेजाऱ्यांवरून देश ठरवू (नर्मदाताई, हलकेच घ्या).

गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था १९७५ पासून अमेरिकनांना हा प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारत आलंय. सगळ्यात मोठा गट कायम मधला: 'काही परिस्थितीतच कायदेशीर असावा'. साधारण निम्मे लोक. या मधल्या माणसांना 'रो' असेपर्यंत काही ठरवावंच लागत नव्हतं. कोर्टाने ठरवलेलं होतं, हे घरबसल्या नाराजी व्यक्त करू शकत होते. डॉब्सनंतर 'काही परिस्थिती' म्हणजे नेमकी कोणती, हे मतपेटीतून सांगायची वेळ आली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससमध्ये, जिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन डोळे मिटून जिंकतात, राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पडला. ओहायोमध्ये २०२३ ला ५७ टक्के हक्काच्या बाजूने. फ्लॉरिडात २०२४ ला पुन्हा ५७, पण तिथे ६० लागतात, म्हणून पडला.

म्हणजे गर्भपात चांगला की वाईट हे मत फार हललेलं नसताना, त्याबद्दल सरकारने निर्णय घ्यावा का हे मत बरंच हललं. माझ्या मते शेवंती यांच्या 'केसेसनी मत हलतं' या म्हणण्यात ही दुरुस्ती हवी.

---

कुंपण

साउथ डकोटा विसरलात. नोव्हेंबर २०२४, बंदी असलेलं राज्य, हक्काचा प्रस्ताव लोकांनी आपटला. नेब्रास्काने पहिल्या तिमाहीनंतरची बंदी घटनेत घातली. निवडक आकडे सगळ्यांनाच आवडतात.

आणि भरवसा फक्त बंदीने जातो असं चित्र रंगवू नका. चीनमध्ये एक मूल धोरण होतं. जून २०१२ मध्ये शान्शी प्रांतात सात महिन्यांच्या गरोदर बाईला दंड भरता आला नाही म्हणून जबरदस्तीने गर्भपात करायला लावला. तिच्या शेजारी ठेवलेल्या मृत अर्भकाचा फोटो इंटरनेटवर आला आणि चिनी माणूससुद्धा पेटून उठला. तिथेही सुई डॉक्टरच्याच हातात होती. आपल्याकडे १९७६-७७ मध्ये एका वर्षात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या, त्यानंतर आरोग्य कर्मचारी दारात दिसला की लोक मागच्या दाराने पळत. मग दोष बंदीचा की सक्तीचा?

---

शेवंती

कुंपण, चक्क सहमत! सक्तीचा. दोन्हीकडे डॉक्टर सरकारचा हस्तक झाला. फक्त मला तुमच्याच उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष तुम्हाला सोयीचा वाटणार नाही, असं वाटतं.

अंकलिपी, दुरुस्ती पटली.

---

साधीसुधी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. भारतात तर १९७१ पासून कायदा आहे, तोही बऱ्यापैकी उदार. मग आपल्याकडे बायका दवाखान्यात जायला का घाबरतात? माझ्या ओळखीतल्या लग्न झालेल्या मुलीकडे नवऱ्याची सही मागितली. सही लागते का कायद्याने?

---

कलमदान

नाही लागत. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची. सही मागतात ती डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी, उद्या नवरा दारात येऊन भांडला तर कागद असावा म्हणून.

पण 'उदार' या शब्दाबद्दल थोडं. आपला कायदा स्त्रीला हक्क देतो असा समज आहे. मूळ फौजदारी कायद्यात गर्भपात गुन्हाच आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३१२, आता न्याय संहितेचं ८८. त्यात खुद्द ती स्त्रीही येते. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींत डॉक्टरला त्यातून सूट दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही गटांसाठी २४ पर्यंत दोघांचं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांची मुदत आहे, हे स्पष्ट व्हायला सप्टेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. म्हणजे दार उघडं आहे, पण किल्ली डॉक्टरच्या कमरेला. तो कचरला की संपलं.

त्यात दुसरा कायदा मिसळतो: १९९४ चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा. तो हवाच, मुलींच्या घटत्या संख्येमुळे आला. पण सोनोग्राफी केंद्रातला 'कायद्याने गुन्हा' हा फलक वाचून असंख्य लोक समजतात की गर्भपातच गुन्हा आहे. डॉक्टरांनाही तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांची धास्ती, त्यामुळे बारा आठवड्यांनंतरची केस आली की अनेकजण 'आमच्याकडे करत नाही' म्हणून मोकळे होतात. अल्पवयीन मुलगी असेल तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक. त्याच २०२२ च्या निकालाने सांगितलं की मुलीने किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे किती दवाखान्यांपर्यंत पोचलंय देव जाणे.

परिणाम बघा. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. कायदा असूनही बायकांनी दवाखान्याला वळसा घातला.

---

साधीसुधी

धन्यवाद. तिला हे दाखवते. काम होऊन गेलंय, पण दाखवते.

---

भोचक

मग करायचं काय? सगळे प्रश्नच मांडताय. आयर्लंडमध्ये कायदा बदलला, तिथे तरी आता सगळं आलबेल असेल की!

---

डॉ_वैखरी

आलबेल नाही. १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपात करता येतो, मध्ये तीन दिवस थांबण्याची अट. बायकांवर खटला नाही. पण डॉक्टरने अटींबाहेर केलं तर चौदा वर्षांपर्यंत कैद हे कलम नव्या कायद्यातही ठेवलं. आणि गर्भातल्या जीवघेण्या व्यंगाची अट अशी: बाळ जन्माआधी किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता आहे, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. आता मेंदूची गंभीर विकृती असलेलं बाळ २० दिवस जगेल की ४०, हे विसाव्या आठवड्यातल्या स्कॅनवरून कोण छातीठोक सांगणार? खात्री नसली की डॉक्टर सही करत नाही, आणि ते जोडपं पूर्वीसारखंच इंग्लंडचं विमान पकडतं. २०२३ च्या सरकारी आढाव्यात १९ प्रसूती रुग्णालयांपैकी ११ मध्येच पूर्ण सेवा मिळत असल्याचं आढळलं.

करायचं काय म्हणाल, तर एक बदल मला वाटतो सगळ्यात कामाचा. हा विषय फौजदारी कायद्यातून उचलून बाकीच्या वैद्यकीय निर्णयांसारखा ठेवायचा. चूक केली तर वैद्यक परिषद परवाना काढेल, जसा कुठल्याही ऑपरेशनमधल्या चुकीसाठी काढते. कॅनडात १९८८ च्या मॉर्गेंटेलर निकालापासून गर्भपाताला फौजदारी कलमच नाही. ब्रिटनमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टर-नर्सना लेखी सांगितलं, की गर्भपाताच्या संशयावरून पेशंटला पोलिसांकडे देण्याचं तुमच्यावर कायदेशीर बंधन नाही. हे लिहून द्यावं लागलं, कारण काहीजण देत होते.

रक्तस्राव होत आलेल्या बाईला मी विचारते, काही घेतलं होतंस का. गोळी घेतली असो की आपोआप झालेलं असो, पुढचे उपचार बहुतेक वेळा तेच असतात. तरी मला खरं उत्तर हवं असतं: कधी घेतली, किती, आधी सोनोग्राफी झाली होती का, नळीत तर गर्भ नाही ना. ती दाराकडे बघते. बाहेर कोण उभं आहे ते बघते. मग म्हणते, "जिन्यावरून पडले." केसपेपरवर काय लिहायचं ते मी ठरवते, पण नळीतला गर्भ शोधायला माझा अर्धा तास जास्त जातो.

---

कुंपण

परवाना काढणं पुरेसं नाही असं माझं अजूनही मत आहे. ज्याला तुम्ही वैद्यकीय निर्णय म्हणता त्यात दुसरा जीव आहे, आणि जीव असेल तिथे कायदा येणारच. पण पेशंटला पोलिसांच्या हवाली करू नये, आणि पाणी गेलेल्या बाईला ताटकळत ठेवू नये, इथपर्यंत मी येतो. त्या पोलंडच्या मुलीचे मेसेज शोधून वाचले.

डॉक्टरांच्या विवेकाच्या अधिकाराबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. इटलीत १९७८ पासून गर्भपात कायदेशीर, आणि दोन तृतीयांशाच्या आसपास स्त्रीरोगतज्ज्ञ विवेकाचं कारण देऊन नकार देतात. त्यांनाही भीतीनेच नकार देणारे म्हणायचं का?

---

डॉ_वैखरी

सगळ्यांना नाही. पण दोन तृतीयांशांचा विवेक एकाच वेळी जागा होतो, तेव्हा ड्यूटीचं वेळापत्रक आणि बढतीचे नियमही बघावे लागतात. जे करतात त्यांच्यावर दिवसभर तेवढंच काम येऊन पडतं, हे माझ्या तिथल्या मैत्रिणीने सांगितलेलं.

---

शेवंती

इटलीवर वेगळा धागा काढते, इथे ते गुंडाळायला नको. कुंपण, तुम्ही तिकडे पहिला प्रतिसाद द्यायचा, आत्ताच सांगून ठेवते. कलमदान, त्या २०२२ च्या निकालातला नाव उघड न करण्याचा भाग सोप्या मराठीत लिहून द्याल का? साधीसुधी यांच्यासारख्या अजून कोणी वाचत असतील तर उपयोगी पडेल.

---

कलमदान

रविवारपर्यंत टाकतो.